हप्ता सुटायच्या आधी करायची तयारी

पीएम किसानचा हप्ता सुटला की गावात दोन गट पडतात. एक, ज्यांच्या मोबाइलवर मेसेज वाजला. दुसरा, जो सकाळी उठून कृषी सहायकाला गाठतो. दुसऱ्या गटाला माझं एकच सांगणं: पैसे कुठे अडकलेत ते आधी बघा, मग गाडीला किक मारा. तालुक्याचे निम्मे हेलपाटे चुकीच्या दारात होतात.

पहिलं काम पीएम किसानच्या पोर्टलवर लाभार्थी स्थिती बघण्याचं. नोंदणी क्रमांक सापडत नसेल तर आधार किंवा मोबाइल नंबरवरून काढता येतो. तिथे ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), जमिनीची नोंद आणि आधार-बँक जोडणी, या तिन्हीसमोर 'हो' दिसलं पाहिजे. बँकेचं 'नाही' असेल तर कृषी सहायक बिचारा काय करणार?

सगळ्यात जास्त घोळ बँकेचाच. 'माझं आधार लिंक आहे की!' असं जो तो म्हणतो. पण खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसा त्या खात्यात वळवलेला असणं वेगळं. हा पैसा आधारच्या मागोमाग येतो आणि शेवटी ज्या बँकेत ही जोडणी झाली तिथे जाऊन पडतो. आमच्या काकांनी दोन हप्ते बुडाले म्हणून चार खेपा घातल्या. पैसे निघाले गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेल्या आणि नंतर विसरलेल्या खात्यात. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक दिसते ते बघून घ्या आणि बँकेत गेल्यावर 'डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय' (म्हणजे सरकारी पैसा आधारवरून थेट याच खात्यात यावा) असंच सांगा. नुसतं 'लिंक करा' म्हणालात तर नुसतं लिंकच होईल.

ई-केवायसीला ओटीपी येतो, म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा; पुण्यातल्या मुलाच्या खिशात असून उपयोग नाही. सेवा केंद्रात अंगठ्यावर होतं, पण कापूस वेचून वेचून आईच्या अंगठ्याच्या रेषाच पुसल्यात. मशीनने चार वेळा नाही म्हटलं. शेवटी अंगणात, उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि ॲपमध्ये चेहरा दाखवून काम झालं.

जमिनीसाठी चालू सातबारा आणि आठ-अ (गावात तुमच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढून ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा; लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं हमखास अडतं. शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर तोही काढा, 2025 पासून कृषी योजनांना तो विचारतातच. नव्या अर्जाला जमीन 1 फेब्रुवारी 2019 च्या आधीपासून नावावर लागते, अपवाद वारसाहक्काचा. वडील गेले असतील तर त्यांचा हप्ता तसाच उचलत राहू नका, पुढे वसुली लागते. तलाठ्याकडे (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून भाऊसाहेबच) वारस नोंद टाका. हरकतीच्या नोटिशीचेच पंधरा दिवस जातात, म्हणून हप्त्याच्या तोंडावर धावून काही होत नाही.

घरात कुणी आयकर भरत असेल किंवा महिन्याला दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेत असेल तर बहुधा नाव बसत नाही. नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी हप्ता एकालाच. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाचे सहा हजार याच यादीवरून येतात, त्याला वेगळा अर्ज नाही. कुणी त्या अर्जाचे पैसे मागितले तर सरळ उठून या.

आणि हप्त्याच्या आठवड्यात ग्रुपवर 'पीएम किसान यादी' नावाची एपीके फाइल (उघडली की मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) फिरते. ती उघडू नका, पुढे तर मुळीच पाठवू नका. शंका असेल तर 155261 ला फोन लावा. लागेपर्यंत एक चहा होतो.