शाळेच्या लायब्ररीसाठी मुलांचा आणि शिक्षकांचा फीडबॅक: विचारायचं काय आणि विचारल्यावर करायचं काय

मुलांना "लायब्ररी कशी वाटते?" असं विचारलं की "छान आहे" एवढंच उत्तर येतं, आणि शिक्षकांना विचारलं की "पुस्तकं वाढवा". दोन्ही उत्तरं खरीच असतात पण त्यावरून उद्या सकाळी कुठल्या कपाटाला हात घालायचा ते काही कळत नाही. म्हणून पहिली गोष्ट, मत विचारू नका, काय घडलं ते विचारा. शेवटचं पुस्तक कधी नेलं होतंस? पूर्ण वाचलंस का, नसेल तर कुठे सोडलंस? एखादं पुस्तक शोधायला आलास आणि रिकाम्या हाताने परत गेलास असं झालंय का, कुठलं पुस्तक होतं ते? लायब्ररीत यायचं मनात असूनही येता आलं नाही तर काय आडवं आलं? असे चार-पाच प्रश्न पुरेत, त्याहून जास्त झाले की मुलं कंटाळून काहीही लिहितात.

बरेच जण १ ते ५ मार्कांचा फॉर्म काढतात. सहमत ते असहमत अशी पाच पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली, ती मोठ्यांची मतं मोजायला चांगलीच आहे, पण लहान मुलं बहुतेक वेळा टोकाचाच आकडा धरतात आणि सगळीकडे ५ ला गोल करून मोकळी होतात. अगदी छोट्यांना तर फॉर्म देऊच नका, त्यांना म्हणा तुझं आवडतं पुस्तक कपाटातून काढून मला दाखव, आणि मग बघा ते किती वेळ शोधतंय, हात पोचतोय का, की सरळ टेबलावर पडलेलं पहिलं पुस्तक उचलून आणतंय. हाही फीडबॅकच आहे.

फॉर्मवर नाव नको, फक्त इयत्ता. आणि मुलं लिहीत असताना वर्गशिक्षक किंवा ग्रंथपाल बाकाशेजारी उभे नकोत, नाहीतर मुलं समोरच्याला बरं वाटेल तेच लिहितात. परीक्षेच्या आठवड्यात तर अजिबात वाटू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सूचना पेटी लायब्ररीच्या दारात ठेवली की तिच्यात चिठ्ठी टाकणारी मुलं कोण, तर जी आधीच लायब्ररीत येतात ती! जी येतच नाहीत त्यांचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचायला तुम्हालाच वर्गात जावं लागेल, किंवा त्याहून बरं म्हणजे वरच्या वर्गातल्या दोन-तीन मुलामुलींना पाठवा, कारण मोठ्या मुलांशी धाकटी मोकळेपणाने बोलतात. कोणाचं पुस्तक हरवलेलं असतं आणि दंडाच्या भीतीने ते मूल पुन्हा फिरकतच नाही, कोणाला वाचताना अडखळायला होतं आणि आपल्या वयाचं जाड पुस्तक झेपत नाही पण छोट्यांच्या कपाटापाशी उभं राहायची लाज वाटते, कोणाला बारीक अक्षर दिसत नाही. ही मुलं सगळ्यांसमोर कधीच बोलणार नाहीत, त्यांना बाजूला घेऊन विचारावं लागतं. उपाय पुष्कळदा साधे असतात, म्हणजे दंडाऐवजी लायब्ररीत थोडं काम, सोपी पुस्तकं वेगळ्या "लहानांच्या" कपाटात न ठेवता सगळ्यांत मिसळून ठेवणं, मोठ्या टायपातली किंवा ऐकायची पुस्तकं.

शिक्षकांना "कुठली पुस्तकं मागवू?" विचारू नका, त्यांना एवढा वेळ नसतो आणि मग यादी येतच नाही किंवा नुसती गाइडांची येते. त्याऐवजी विचारा, पुढच्या सत्रात कुठले धडे घेणार, त्यातल्या कुठल्या विषयावर मुलांना शोधायला पाठवणार, एका वेळी किती मुलं येतील. तेवढं कळलं की त्या विषयाची पुस्तकं आधीच काढून एका शेल्फवर लावता येतात, आणि प्रती किती कमी पडतात तेही दिसतं.

उत्तरं जमली की त्यांचे गठ्ठे करा. भारतातले ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले, त्यातले तीन इथे थेट कामाला येतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, आणि वाचकाचा वेळ वाचवा. म्हणजे पहिला गठ्ठा, पुस्तक आपल्याकडे नाहीच. दुसरा, पुस्तक आहे पण मुलाला सापडलं नाही. तिसरा, वेळ आणि नियमांच्या तक्रारी. प्रत्येक मागणी दाखल रजिस्टरमध्ये (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद होते ते) किंवा कॅटलॉगमध्ये तपासूनच गठ्ठ्यात टाका, कारण "नाही" म्हणून मागितलेली बरीच पुस्तकं आत कपाटातच बसलेली निघतात. दुसऱ्या गठ्ठ्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत म्हणून सुरुवात तिथूनच करा. पुस्तकाच्या पाठीवरचा ७९६ आकडा बघून इथे खेळांची पुस्तकं आहेत हे मुलाला कसं कळणार? आकडा राहू द्या, विषयानुसार पुस्तकांना आकडे देणारी ड्युईची पद्धत ग्रंथपालाला लागतेच, पण शेल्फवर मोठ्या अक्षरात "खेळ" लिहा, चित्र लावा, काही पुस्तकं पाठीऐवजी मुखपृष्ठ दिसेल अशी उभी करा आणि कपाटांची कुलपं काढा.

मुलं सांगतात एक आणि नेतात दुसरं असंही होतं, म्हणून फॉर्म आणि इश्यू रजिस्टर शेजारी ठेवून वाचा. फक्त एक लक्षात असू द्या, तिथेच बसून वाचलेलं पुस्तक रजिस्टरमध्ये येत नाही. एक आठवडा सांगा की वाचून झालेलं पुस्तक कपाटात परत न लावता टेबलावर ठेवा, आणि रोज शाळा सुटताना ती मोजा. बिनवापराची वाटणारी काही पुस्तकं तिथे दिसतील.

"जुनी पुस्तकं आहेत" ही तक्रार आली तर त्या त्या विषयाच्या शिक्षकांनाच एकेक शेल्फ तपासायला द्या. सूर्यमालेत ९ ग्रह सांगणारं पुस्तक २००६ मध्ये प्लूटोचं वर्गीकरण बदललं तेव्हाच जुनं झालं, ते मुलांच्या हातात नको. पण परस्पर रद्दीत टाकू नका, निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदीतून काढून टाकायची, रीतसर मंजुरी आणि रजिस्टरमध्ये नोंद हवीच.

मुलांना कॉमिक्स आणि भुताच्या गोष्टी हव्या, शिक्षकांना संदर्भग्रंथ, हे भांडण दरवर्षीचं. खरेदीच्या रकमेतला एक ठरावीक हिस्सा मुलांच्या मागणीसाठी आधीच बाजूला काढा. माझं मत स्पष्ट आहे, कॉमिक्स वाचणारं मूल वाचतंच आहे, त्याला अडवू नये.

मग दारावर फलक लावा, तीन रकान्यांचा: तुम्ही काय मागितलं, आम्ही काय केलं, काय जमणार नाही आणि का. तिसरा रकाना टाळू नका. "मधल्या सुट्टीत लायब्ररी उघडी ठेवता येत नाही कारण त्या वेळी इथे कोणी नसतं" असं लिहिलं की कधीकधी एखादे शिक्षक स्वतःहून म्हणतात मी बसतो. काहीच उत्तर मिळालं नाही तर मात्र पुढच्या वेळी कोरेच फॉर्म परत येतात.

बदल एकदम सगळे करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. एक करा, महिनाभर बघा, आणि इश्यूचा आकडा मागच्या महिन्याशी नाही तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा, कारण परीक्षा आणि सुट्ट्यांनी आकडे वरखाली होतातच. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये निदान दोन प्रश्न शब्दही न बदलता तेच ठेवा म्हणजे तुलना करता येईल, आणि बाजूला घेऊन ज्या मुलांशी बोललात त्यांची नावं कुठे लिहिली असतील तर काम झाल्यावर ते कागद फाडून टाका.