उलटा खांदा बसवलाय? मग या चुका टाळा

मंगळवार पेठेतल्या आमच्या आत्याचा खांदा निखळला तो घरातल्याच सोफ्यावर. ‘रिव्हर्स शोल्डर’, म्हणजे उलट्या रचनेचा कृत्रिम सांधा बसवण्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झालेले, दुखणंही थांबलेलं. चहाची बशी खाली ठेवली आणि सवयीनं तोच उजवा हात मागं टेकवून उठायला गेली. कट्ट आवाज आला, बस्स.

आम्ही सगळे तिला ‘हात वर नेऊ नकोस’ म्हणून दटावत होतो. धोका होता मागच्या बाजूला. रिव्हर्स शोल्डरमध्ये गोळा फऱ्याच्या हाडावर आणि वाटी दंडाच्या हाडावर बसवतात, म्हणजे मूळच्या उलट. निकामी झालेल्या रोटेटर कफचं, म्हणजे सांध्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूंचं काम खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू करतो, आणि मुख्यतः त्याच्याच ताणावर गोळा-वाटी एकमेकांना धरून राहतात. हात अंगालगत मागं जाऊन आत वळला, की वाटी पुढं सटकू शकते.

आता बघा, नऊवारीचा काष्टा खोचताना हात नेमका तसाच वळतो. पाठ घासताना, मागच्या खिशातलं पाकीट काढतानाही तेच. डाव्या खांद्याचं ऑपरेशन असेल तर शौचानंतर धुण्याचं काय, हे लाजेपायी कुणी विचारतच नाही. विचारा, आणि उजव्या हाताची सवय आधीच करून घ्या. पहिले तीन महिने हे सगळं जपायचं. बाही घालताना ऑपरेशनचा हात आधी. झोपताना कोपराखाली उशी हवी. उताणं पडल्यावर आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे.

कोल्हापुरात खांदा निसटला की कुणीतरी तालमीतल्या वस्तादांचं नाव काढतंच. आमच्याकडंही काढलं. त्यांच्या हाताला गुण असेल, पण हा सांधा उलटा आहे. ओढाओढीत हाड मोडू शकतं. दुखलं नाही तरी खांद्याचा आकार बदलला किंवा हात अचानक उचलेना, तर झोळीत घालून थेट सर्जनकडे. बोटं बधिर असतील तर क्षणभरही थांबू नका.

आणि खायला देऊ नका! आम्ही मायेनं शिरा भरवला, मग भुलीसाठी सहा तास ताटकळलो.

एक्स-रे काढून, भूल देऊन डॉक्टरांनी न कापता सांधा बसवला; नंतर काही आठवडे पट्टा. पुन्हा निखळला तर नुसतं बसवून भागत नाही. स्नायूचा ताण कमी आहे का, जंतुसंसर्ग आहे का, भाग सैल झालाय का, हे तपासावं लागतं. कधी वाटीतलं जाड अस्तर (लायनर) किंवा मोठा गोळा घालायला दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

सोफ्यावर आता जाड गादी टाकलीय. काष्टा वहिनी खोचते, आणि रोज बोलणी खाते.