पोट उतरवा, पाय सांभाळा : पन्नाशीनंतर चरबी कमी करायची घरगुती पद्धत

सहा वर्षांपूर्वी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरवलं. रात्रीचं जेवण बंद, दुपारी एक फुलका आणि दुधीचं सूप, पहाटे ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या. नौपाड्यातल्या ओळखीच्या बायका रस्त्यात थांबवून विचारायच्या, "काय केलंस गं?" त्याच दिवाळीत जांभळी नाक्यावरून दोन पिशव्या भरून आणल्या आणि आमच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात मला दोनदा थांबावं लागलं. मांड्या थरथरत होत्या. ब्लाउज दंडात सैल झाला होता, पोट मात्र फारसं हललं नव्हतं. उपाशी राहून मी चरबीबरोबर स्नायूही घालवले होते. वर्षभरात वजन परत आलं. जिन्यातली धाप काही गेली नाही.

दुसऱ्या खेपेला मी क्रम बदलला. आधी स्नायू राखायची सोय केली, मग चरबीला हात घातला. या वेळी दोन वर्षं लागली, पण आज सत्तावन्नाव्या वर्षी त्याच पिशव्या घेऊन मी न थांबता वर येते. तो क्रम इथे देते आहे.

आधी दोन मापं घ्या

वजनकाटा बाजूला ठेवा आणि शिंप्याचा टेप घ्या. सकाळी, अनाशेपोटी, सरळ उभं राहायचं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपून दोन्हींच्या मधोमध टेप फिरवायचा. पोट आत ओढायचं नाही. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. आपल्या भारतीय बांध्यासाठी बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. साडीचा परकर किंवा पँटचा पट्टा जिथे बसतो ते हे माप नव्हे. पट्टा बहुतेकांच्या पोटाखाली बसतो.

टेप का, तर आपल्याकडे वजन बेताचं आणि पोटावर चरबी असा प्रकार फार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

दुसरं माप पायांचं. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. घरातल्या कुणाला तरी घड्याळ धरायला सांगा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ आणि पुरुषाला १४ वेळा जमायला हवं. सत्तरीच्या सुरुवातीला हेच आकडे १० आणि १२. तुम्ही पन्नाशीत असाल आणि बारावर अडत असाल तर तुमचं पहिलं काम पायांचं आहे, पोट त्याच्या मागोमाग येईल.

"चाळिशीनंतर शरीराची भट्टीच मंद होते, मग काय करणार?" हे मी रोज ऐकते. २०२१ साली 'सायन्स' नियतकालिकात सहा हजारांहून जास्त लोकांच्या मोजमापांचा अभ्यास आला. त्यात दिसलं की शरीरातला चरबीव्यतिरिक्तचा भाग हिशोबात धरला, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. घट लागते ती साठीनंतर, तीही हळूहळू. मधल्या काळात कमी होतात ते स्नायू आणि आपली हालचाल. दोन्ही आपल्या हातातल्या गोष्टी आहेत, ही मला फार मोठी दिलाशाची बातमी वाटते.

ताटात आधी प्रथिनं

कमी खायला लागण्याआधी निदान दोन आठवडे फक्त हे करा. वजन घटत असताना स्नायू टिकायचे तर प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. वयस्क माणसांसाठी आहारतज्ज्ञ दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम सांगतात. माझं वजन साठच्या आसपास, म्हणजे मला किमान ६० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या.)

आपलं रोजचं जेवण बघा. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि बटाट्याची भाजी, वर पातळ आमटी, चारला चहा-खारी, रात्री वरणभात. मी एकदा वहीत मांडून बघितलं तर जेमतेम ३५ ग्रॅम भरत होतं. पोट भरलेलं आणि स्नायू उपाशी, अशी ही गत.

आता माझा हल्लीचा दिवस. सकाळी दोन अंडी, नाहीतर ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून केलेली धिरडी : साधारण १२ ग्रॅम. दुपारी मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ, दोन पोळ्या, वाटीभर दही, काकडीची कोशिंबीर : १८ च्या आसपास. चारच्या चहाबरोबर खारीऐवजी मूठभर फुटाणे : ६. रात्री एक ज्वारीची भाकरी, घट्ट वरण आणि १०० ग्रॅम बांगडा किंवा ७५ ग्रॅम पनीर : २४ च्या घरात. बेरीज साठ. यात विकतची पावडर कुठेही नाही.

यातली खरी गोम घट्टपणात आहे. वाटीभर पातळ वरणात डाळ किती, हे ती शिजत घालतानाच मोजा. माणशी ३० ग्रॅम कच्ची डाळ पडली तर ६-७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. चौघांच्या आमटीत मूठभर डाळ घातली तर कुणालाच काही मिळत नाही.

श्रावणात अंडी-मासे बंद होतात, तेव्हा अनेक घरांत हा हिशोब कोसळतो आणि वर साबुदाण्याची खिचडी येते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडीत प्रथिनं येतात ती शेंगदाण्याच्या कुटातून, आणि त्याच्याबरोबर तेलही येतं. उपास जरूर करा, माझाही सोमवार असतो. फक्त त्या दिवशी दूध, दही, पनीर, राजगिरा यांच्यावर भर द्या आणि खिचडी छोट्या वाटीतच घ्या. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ एकदा तपासून घ्या, कारण ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही.

मग तेल आणि साखर

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज साडेतीनशे कमी केल्या तर महिन्याला सव्वा-दीड किलोच्या आत उतरतं. एवढा वेग पुरे. याहून घाई केली की स्नायू जायला लागतात.

साडेतीनशे कुठून काढायच्या? भात-पोळीवर तुटून पडण्याआधी महिन्याच्या तेलाच्या पिशव्या मोजा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर जातं, म्हणजे नुसत्या तेलाच्या साडेतीनशे कॅलरी. ३ लिटरवर आणलं की प्रत्येकाच्या रोजच्या १४० कमी होतात, आणि ताटातला एक घासही कमी होत नाही. फोडणीला पळीऐवजी चमचा वापरा. चार चहांत दीड-दीड चमचा साखर, म्हणजे १२० कॅलरी. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा, जिभेला कळतही नाही. उरलेल्यासाठी रात्रीचा भात निम्मा करा आणि ती जागा भाजीने भरा. स्टेशनवरून घरी येताना वडापावचा वास कुणाला सोडत नाही हे मला माहीत आहे. तो आठवड्यातून एकदा, ठरवून, बसून खा. फरसाणाचा डबा मात्र घरात आणूच नका, उघडला की तो संपेपर्यंत बंद होत नाही.

जिरेपाणी, मधपाणी, पोटाला बांधायचे पट्टे यांनी पोटावरची चरबी उतरत नाही. नुसत्या पोटाच्या व्यायामानेही पोटावरचीच चरबी निवडून जात नाही. ती सगळ्या शरीरातून, आपल्या क्रमाने जाते.

ताकद : आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास

माझ्या मते अख्ख्या लेखात ही पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि आपल्याकडे हीच वगळली जाते. तलावपाळीला, कचराळी तलावाला पहाटे शेकडो लोक चालताना दिसतात. त्यातल्या किती जणांनी वर्षभरात काही जड उचललंय? चालण्याने हृदय सुधारतं, पण दंड, पाठ आणि मांड्यांना ओझं लागतं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करा असं सांगते.

"आता या वयात?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९९० साली बॉस्टनमधल्या एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नऊ जणांनी ते पूर्ण केलं, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं, तर पंचावन्न म्हणजे ऐन उमेद.

घरी करायला पाच प्रकार पुरेत.

खुर्चीवरून ऊठबस. बसताना धपकन पडायचं नाही, तीन आकडे मोजत सावकाश टेकायचं. दहा वेळा सहज जमायला लागलं की छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरा. नंतर खुर्चीपेक्षा बुटकं स्टूल.

भिंतीवर जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकायचे, अंग पाट्यासारखं सरळ ठेवून भिंतीकडे जायचं आणि परत. सोपं झालं की ओट्याच्या कडेवर करा.

पिशवी ओढणं. एक हात खुर्चीवर टेकून कमरेतून वाका, दुसऱ्या हाताने कापडी पिशवी कुशीपर्यंत ओढा, कोपर मागे जाऊ द्या. सुरुवात तीन किलोने. वाकलेल्या खांद्यांना याने फार फरक पडतो.

ओझं उचलून ठेवणं. पाठ सरळ, गुडघे किंचित दुमडलेले, नितंब मागे नेत खाली जायचं आणि पिशवी उचलून ताठ उभं राहायचं. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल किंवा मणक्याचं दुखणं असेल तर हा आणि आधीचा प्रकार फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय करू नका.

टाचा उचलणं. ओट्याला हात लावून टाचा वर, दोन सेकंद थांबून खाली. त्याच जागी कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात एका पायावर उभं राहायचा सराव करा, आधी आधाराने, मग बोट टेकून, मग मोकळं. म्हातारपणी पडणं टाळायचं तर तोल आत्ताच कमवावा लागतो.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबून परत एकदा. महिन्याभराने तिसरी खेप. वजन बरोबर आहे की नाही याची खूण अशी की शेवटची दोन जड जावीत, पण आणखी दोन करता आली असती असं वाटावं. बाराच्या बारा हसतखेळत झाली तर पिशवीत अर्धा किलो वाढवा. उचलताना श्वास सोडा, तो रोखून धरू नका, रक्तदाब चढतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ठीक आहे. गुडघ्यात टोचलं, छातीत दडपलं, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. दोन दिवसांत निदान एक दिवसाची मोकळीक ठेवा. मी मंगळवार आणि शुक्रवार धरते.

चालणं

रोज दहा हजार पावलं हा आकडा १९६५ सालच्या एका जपानी पाऊलमापक यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्यामागे धावण्यापेक्षा आठवड्याला १५० मिनिटं झपझप चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगात. रविवारी जमलं तर उपवनहून येऊरचा चढ थोडा चढून या, तिथला दम वेगळाच असतो. आणि एक सवय नक्की लावा : रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली. जेवणानंतरची साखर फार चढत नाही. जून ते सप्टेंबर ठाण्यात तलावाकाठचं चालणं अर्धे दिवस बुडतं. तेव्हा इमारतीचा जिना वापरा किंवा पार्किंगमध्ये फेऱ्या घाला. पावसाने चार महिने मोडले की पुन्हा सुरू करायला दिवाळी उजाडते, हे मी तीन वर्षं अनुभवलं आहे.

झोप सात तास हवी. शेवटच्या लोकलने येणाऱ्या मुलासाठी जागत बसणाऱ्या आयांना हे सांगणं अवघड आहे, मीही त्यातली आहे. त्याचं ताट झाकून ठेवा आणि झोपा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी आणि व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

बारा आठवड्यांनी

वहीत दोनच आकडे लिहा : दर पंधरा दिवसांनी कंबर, महिन्यातून एकदा खुर्ची. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी. बारा आठवड्यांनी कंबर दोन-तीन सेंटीमीटरने उतरली असेल आणि खुर्चीवरचा आकडा वाढला असेल, तर काटा हलला नसला तरी काहीही बदलू नका. कंबर तेवढीच आणि खुर्ची वाढलेली असेल तर तेलाच्या पिशव्या परत मोजा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आणि वजन झपाट्याने उतरतंय पण खुर्चीवरचा आकडा घसरतोय असं दिसलं, तर त्याच दिवशी रात्रीचा निम्मा केलेला भात परत पूर्ण करा, डाळ वाढवा आणि वजन घटवणं महिनाभर थांबवा. मी तेव्हा नेमकी इथेच थांबले नव्हते.