रविवारच्या मराठी शाळेत एआय वापरणार असाल तर आधी हे तयार ठेवा

नवीन टर्म तोंडावर आलीय आणि शाळेत नव्याने शिकवायला लागलेल्या दोघीतिघींनी विचारलं, की एआय वापरून गोष्टी, वर्कशीट, ऑडिओ करायचे तर आधी काय काय तयारी लागते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझ्या डोळ्यांपुढे अमेरिकेतली वीकएंड मराठी शाळा आहे, म्हणजे आठवड्यातून एकदा भेटणारी सहा ते बारा वर्षांची मुलं, घरी आईबाबा मराठीत बोलतात पण मुलं उत्तर इंग्लिशमधे देतात. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, कारण मागच्या टर्मला माझ्याकडून नेमकं तेच राहिलं: टूलने वाचून दिलेला ऑडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या आधी स्वतः ऐका. पहिली दहा सेकंदं नाही, पूर्ण ऐका. बाकी काही विसरलं तर वर्गात सावरून घेता येतं, हे सावरायला फार जड जातं.

लॅपटॉप, नेट, प्रिंटर वगैरे सांगायला नको. अकाउंट तुमचं स्वतःचं वापरा, मुलांना काढायला लावू नका. चॅटजीपीटीच्या नियमांतच १३ वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही आणि १३ ते १८ मधल्यांना पालकांची परवानगी लागते. शिवाय अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाईन गोळा करण्यावर कोपा नावाचा कायदा आहे आणि त्यात मुलाच्या आवाजाचं रेकॉर्डिंगसुद्धा खाजगी माहितीत धरलेलं आहे. कायदा वेबसाईट आणि ॲप चालवणाऱ्यांसाठी आहे हे खरं, पण आपल्या भरवशावर सोडलेल्या मुलांचा आवाज आपल्या हातून तिकडे कशाला जायला हवा. म्हणून मुलाने वाचलेला धडा टूलमधे टाकून चुका काढून घ्यायच्या हे नाही करायचं, वर्गाचा फोटो नाही, पूर्ण नावं नाहीत, निबंध तपासून घ्यायचा असेल तर नाव खोडून, स्वतः टाईप करून. भारतातून ऑनलाईन वर्ग घेणाऱ्यांनो, तिथल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं, हे विसरू नका. पालकांना टर्मच्या सुरुवातीलाच चार ओळींचा मेल करा की मी अमुक टूल अमुक कामासाठी वापरणार आहे, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.

मग अभ्यासक्रम. बऱ्याच शाळा बृहन्महाराष्ट्र मंडळामार्फत (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संस्था) भारती विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेतात, तुमचा जो असेल तो समोर उघडून बसा, आणि आख्खं पुस्तक स्कॅन करून टूलला देऊ नका, त्यावर कुणाचा तरी हक्क आहे, धड्यातले शब्द तेवढे टाईप करून द्या. शब्द दिलेच पाहिजेत. नुसतं 'लहान मुलांसाठी मराठी गोष्ट लिही' म्हटलं की घनदाट अरण्यात वास्तव्य करणारा चतुर ससा येतो, आणि आमच्या मुलांना 'वास्तव्य' समजावण्यातच तास संपतो. त्यापेक्षा असं सांगा: पंधरा छोटी वाक्यं, विषय भाजीबाजार, हे वीस शब्द यायलाच हवेत, यांच्या बाहेरचे पाचाहून जास्त नकोत, केलं-झालं-आलं अशी बोलण्यातली रूपं वापर, आणि सराव सामान्यरूपाचा, म्हणजे बाजारात, पिशवीत, भाजीवाल्याला, केळ्यांचा भाव, पाण्याने धुतलं. इथल्या मुलांची गाडी बरोब्बर तिथे अडते, 'पाणीत' आणि 'घोडाला' आणि 'शाळात' सगळ्यांकडून ऐकलंय, त्यामुळे एकाच रूपाची वीस वेगवेगळी वाक्यं मिनिटभरात मिळणं ही खरंच मोठी सोय आहे, मी पूर्वी एवढ्यासाठी रात्री जागायचे. कोण कुणाला काय म्हणतं तेही आधीच लिहा. नाहीतर गोष्टीतलं मूल आईला 'आई, तुम्ही कुठे चाललात' असं विचारतं. आईला तू, बाबांना घरात असेल तसं, भाजीवाल्या काकांना तुम्ही, असं स्पष्ट सांगावं लागतं.

मजकूर आला की मोठ्याने वाचा, डोळ्यांनी वाचून चुका सापडत नाहीत. हिंदीचा मजकूर नेटवर मराठीपेक्षा कितीतरी जास्त आणि लिपी तीच, त्यामुळे हिंदी झिरपते. 'आईने चहा बनवला' येतं, तिथे केला हवं. 'मी तुझी मदत करतो' येतं, तिथे तुला हवं. इंग्लिशही झिरपतं, 'त्याने आंघोळ घेतली' हे तिकडचं. आणि आपण-आम्हीचा गोंधळ तर हमखास बघा, कारण इंग्लिशमधे दोन्हीला एकच शब्द आणि आमची मुलं आधीच तिथे चुकतात. मुलगा आईला 'आम्ही उद्या बाजारात जाऊया' म्हणाला तर आई घरी राहणार की सोबत येणार? शुद्धलेखनात कवि, शक्ति, स्थिति अशी ऱ्हस्व रूपं दिसली की दीर्घ करा, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम प्रिंट काढून भिंतीवर लावा, मोठे नाहीत. म्हणी आणि अभंग टूलकडून कधीच घेऊ नका. म्हण नसली तर ते म्हण बनवून देतं आणि तुकोबांच्या नावावर कुणाच्याही ओळी खपवतं, आणि मूल ते पाठ करून संमेलनात म्हणणार. अभंग गाथेतून, म्हणी पुस्तकातून.

आता ऑडिओ. इथे जरा थांबा.

मजकूर बरोबर आहे म्हणजे वाचन बरोबर असेल असं मानू नका. भाषा नीट निवडली नाही तर बरीच टूल्स देवनागरी दिसली की हिंदी समजून वाचतात. आवाज गोड असतो, कुठे अडखळत नाही, पहिली दोन वाक्यं छान जातात, आणि आपण ऐकायचं थांबवतो. पुढे मग ज्ञानेश्वरांचे ग्यानेश्वर होतात, कृष्णाचा क्रिष्ण होतो, पैसा पॅसा होतो, औषधाची सुरुवात ऑ अशी होते. चार आणि पाच दोन्हींत एकच च ऐकू येतो, चांदोबा आणि चंद्र दोन्हींतही तोच. आपण माझा म्हणताना झ दातांशी ठेवतो आणि माझी म्हणताना मागे टाळूला नेतो, हे आपल्याला जाणवतही नाही, पण हिंदी आवाजाला तो फरक माहीतच नाही. वाऱ्यावर मधला ऱ्य सूर्यातल्या र्य सारखा जोर देऊन येतो. झालं, केलं नाकात जातात. माझ्या वर्गातली एक मुलगी ग्यानेश्वर म्हणाली, मी दुरुस्त केलं, तर अगदी शांतपणे म्हणाली, पण ऑडिओत तसंच आहे. तिचं काही चुकलं नव्हतं. तिने रोज गाडीत तोच ऑडिओ ऐकला होता, मीच पाठवला होता, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून ऐकत होती.

पुण्यात किंवा नाशकात वाढणाऱ्या मुलाला असा एखादा ऑडिओ बाधणार नाही, शेजारी, दुकानदार, रिक्षावाले काका, शाळेतली मुलं, दिवसभर बरोबर मराठी कानावर पडत राहतं आणि चुकीचं आपोआप पुसलं जातं. इथल्या मुलाच्या कानावर मराठी म्हणजे आईबाबा, कॉलवर आजी, रविवारी आपण, आणि तो ऑडिओ. त्यातला ऑडिओच रोज लागतो. आपण आठवड्यातून दीड तास, तो रोज वीस मिनिटं. त्याच्याशी आपली दुरुस्ती जिंकत नाही. म्हणून परत सांगते, पाठवायच्या आधी ऐका.

कसं ऐकायचं तेही सांगते. आधी आवाज निवडताना यादीत भाषा मराठी आहे ना ते बघा, मायक्रोसॉफ्टच्या टूल्समधे आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, इतरांकडेही आहेत, भारत सरकारच्या भाषिणी या भाषांतराच्या सेवेवरही मराठी आहे. मग कुठलाही धडा द्यायच्या आधी त्या आवाजाला हे शब्द वाचायला द्या: ज्ञानेश्वर, कृष्ण, पैसा, औषध, चार, पाच, माझा, माझी, चांदोबा, चंद्र, वाऱ्यावर, सूर्य, केळं, झालं. यात जो नापास त्याला धडा द्यायचा नाही. पास झाला तरी धडा ऐकायचा, कारण आकड्यांवर मराठी आवाजही घसरतात. १.५ किलो लिहिलं तर दीड असं वाचतीलच याची खात्री नाही, १०:३० चं साडेदहा होईल याचीही नाही. ऑडिओसाठी वेगळी प्रत करा आणि तिच्यात आकडे अक्षरात लिहा, दीड किलो, चाळीस रुपये, साडेदहा वाजता, रु. आणि डॉ. सुद्धा पूर्ण लिहा. हेडफोन लावा, मजकूर हातात, पेन्सिल हातात, चुकेल तिथे खूण. स्वयंपाक करता करता ऐकलेलं धरायचं नाही. पूर्ण ऐकून झालं की फाईलच्या नावाच्या शेवटी 'ऐकलं' असा शब्द टाका, आणि ज्या फाईलवर तो शब्द नाही ती ग्रुपवर जात नाही, कितीही घाई असली तरी, शनिवारी रात्रीचे अकरा वाजले असले तरी. कुणाचे आजीआजोबा आलेले असतील तर त्यांनाही ऐकवा, त्यांना चूक लगेच खटकते. आणि हो, घरी कोणी वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाने बोलत असेल तर ते अजिबात चूक नाही, मशीनच्या आवाजाशी ताडून मुलाला घरचं बोलणं बदलायला सांगू नका, आजीचं मराठी आधी.

कविता आणि श्लोक मी आता टूलला देतच नाही, स्वतःच फोनवर वाचते. दोन मिनिटांच्या कवितेला पाच मिनिटं लागतात, आणि मुलांना ओळखीचा आवाज आवडतोसुद्धा.

चित्रं. चित्राच्या आत देवनागरी अक्षरं काढायला सांगू नका, जोडाक्षरांची वाट लागते, चित्र कोरं घ्या आणि अक्षरं वरून आपण टाका. सणांची चित्रं नीट बघा, गुढीवरचा कलश उलटा आहे ना, साखरेची गाठी आहे ना, पुरणपोळी म्हणून भलतंच काही दिलं नाही ना. जुनी वर्कशीट्स श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली असतील तर तो मजकूर तसाच पेस्ट केला की टूलला नुसता कचरा दिसतो, आधी युनिकोडमधे बदलून घ्या. आणि फॉन्ट असा घ्या ज्यात मराठी वळणाचा, पाकळीवाला ल आणि देठवाला श आहे, मुलं तोच गिरवणार. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फुकट मिळतो.

आदल्या दिवशी: सगळं डाऊनलोड करून ठेवा, चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमधलं वायफाय ऐनवेळी दगा देतं. प्रिंट काढा. ऑडिओ हॉलमधल्या स्पीकरवर एकदा लावून बघा, म्हणजे परत एकदा ऐकणंही होईल.

वर्गात स्क्रीन तुमच्या हातात ठेवा. भाजीवाल्याचा संवाद टूलबरोबर करायला मजा येते, मुलं भाव करतात, खूप बोलतात, तो भाग नक्की करा, प्रत्येकाची पाळी येईल एवढा वेळ ठेवा. फक्त बोलून टाईप करणारं टूल उच्चाराची परीक्षा म्हणून वापरू नका. मूल 'केलं खाल्लं' म्हणालं तरी ते संदर्भावरून 'केळं खाल्लं' असं बरोबर टाईप करतं, मुलाला वाटतं आपला ळ जमला, आणि आपल्यालाही तसंच वाटायला लागतं. ळ जमला की नाही ते जवळ बसून आपल्याच कानाने ठरवायचं.

वर्गानंतर जे प्रॉम्प्ट, म्हणजे टूलला दिलेल्या सूचना, चालले ते एका डॉक्युमेंटमधे ठेवा, धड्याच्या नावाने, पुढच्या शिक्षकाला द्यायला. जे फसले तेही ठेवा. नको असलेली चॅट पुसा. आणि एवढं करूनही चुकीचा ऑडिओ गेलाच, तर लगेच 'सगळ्यांसाठी डिलीट' करा, मुदत टळली असेल तर कुठले शब्द चुकलेत ते पालकांना सरळ लिहून कळवा, फाईल फोनमधून काढायला सांगा, आणि त्याच संध्याकाळी तेवढा धडा स्वतःच्या आवाजात वाचून पाठवा.