भाड्याच्या जागेवरचं मोबाइल होम घेताय? आधी जोखीम अशी मोजा

"दर महिन्याला अपार्टमेंटचं भाडं भरण्यापेक्षा पार्कमधलं मोबाइल होम घे, निदान स्वतःचं घर तरी होईल." अमेरिकेत आलेल्या आणि घरांच्या किमती बघून हबकलेल्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. मला त्याची चीड येते, कारण तो अर्धाच आहे. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून बसवलेलं घर आणि पार्क म्हणजे भाड्याच्या जागांवर अशी घरं असलेली वसाहत. घर तुमचं होतं, पण खालची जमीन पार्कमालकाचीच राहते. त्या जमिनीचं भाडं, म्हणजे लॉट रेंट, घराचं कर्ज फिटल्यावरही सुटत नाही. मी असं एक घर घेतलं आणि विकलं. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे कागद तपासून दिले. काहींना "घ्या" म्हटलं, काहींना हात जोडून "नको" म्हटलं. ते ठरवताना मी ज्या क्रमाने जातो, तोच इथे देतो.

१. घर कधी बनलं ते पाहा. १५ जून १९७६ पासून बनलेल्या घरांना केंद्र सरकारच्या हड (HUD), म्हणजे गृहनिर्माण खात्याचे बांधकामाचे नियम लागू आहेत. घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून लाल धातूची पट्टी असते, डबल-वाइडला, म्हणजे दोन भाग जोडून केलेल्या घराला, दोन. त्याआधीच्या घराला कर्ज, विमा आणि दुसऱ्या पार्कात प्रवेश, तिन्ही मिळणं अवघड. मी तशा घराच्या वाटेला जात नाही.

२. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, तपासा. बऱ्याच राज्यांत या घराला गाडीसारखं टायटल असतं. नाव विकणाऱ्याचंच आहे ना, कुणाचा बोजा नाही ना आणि कर थकलेला नाही ना, एवढं पाहा.

३. कर्जाचा प्रकार समजून घ्या. जमीन तुमची नसल्यामुळे नेहमीचं मॉर्गेज बहुधा मिळत नाही. चॅटल लोन मिळतं, म्हणजे जंगम मालमत्तेवरचं कर्ज. त्याचं व्याज जास्त आणि मुदत कमी असते. पार्कच्या ऑफिसने सुचवलेल्या कंपनीवर थांबू नका, दोन क्रेडिट युनियनना, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्थांना, तरी विचारा.

४. लॉट रेंट. खरी जोखीम इथेच आहे.

मी फसलो ते इथेच. विकणाऱ्याने त्याचं भाडं सांगितलं, मी तेच धरून हिशोब केला. पण त्याची लीज, म्हणजे जागेचा भाडेकरार, त्याच्याबरोबर संपत होती. ऑफिसने माझ्यापुढे नवी लीज ठेवली आणि तिच्यातला आकडा वेगळा होता. तोवर ॲडव्हान्स देऊन बसलो होतो, म्हणून सही केली. पुढे पार्क विकला गेला आणि नव्या मालकाने भाडं दरवर्षी वाढवायला सुरुवात केली. जास्त भाडं भरावं लागणार, एवढं मला तेव्हा कळलं. त्याच वाढीने माझ्या घराची किंमतही उतरत होती, हे मात्र विकायला काढल्यावर समजलं.

हे गणित कागदावर मांडून बघाच. घर घेणारा माणूस हप्ता आणि लॉट रेंट वेगवेगळे पाहत नाही, त्याला महिन्याला एकूण किती झेपेल तेच पाहतो. ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर महिन्याच्या १०० डॉलर हप्त्यात साधारण ११,००० डॉलरचं कर्ज बसतं. म्हणजे लॉट रेंट १०० डॉलरने वाढलं, की पुढचा गिऱ्हाईक तुमच्या घरासाठी तेवढे ११,००० डॉलर कमी देऊ शकतो.

आता पूर्ण उदाहरण घेऊ. घर ६०,००० डॉलरचं, त्यातले ४८,००० याच दराने आणि मुदतीने कर्जाचे. लॉट रेंट ६००. लोकांचे पगार वर्षाला ३ टक्क्यांनी वाढतात आणि भाडं ६ टक्क्यांनी, असं धरा. दहा वर्षांनी भाडं सुमारे १,०७५ होतं. पगाराच्या वेगाने वाढलं असतं तर ८०६ वर राहिलं असतं. हा २६९ डॉलरचा जादा बोजा घराच्या किमतीतून जवळपास ३०,००० डॉलर खाऊन टाकतो. पगारवाढीमुळे घराची चढणारी किंमत आणि घर जुनं झाल्याची घट एकमेकांत फिटतात, असं मी यात धरलंय. आणि तेव्हा कर्ज किती बाकी असेल? सुमारे ३४,०००. म्हणजे घर विकूनही कर्ज फिटणार नाही.

मालक का वाढवतो, तेही समजून घ्या. पार्कची किंमत उत्पन्नावर ठरते. खरेदीदार ७ टक्के परतावा धरत असतील, तर एका लॉटचं भाडं महिन्याला १०० ने वाढवलं की पार्कची किंमत १७,००० डॉलरहून जास्त वाढते. पार्क मोठं कर्ज काढून नुकताच विकत घेतलेला असेल, तर त्या मालकाच्या "इतक्यात वाढवणार नाही" या तोंडी आश्वासनाला मी काडीची किंमत देत नाही.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी तुमच्या नावाने तयार झालेली लीज मागा आणि वाढीचं कलम वाचा. "बाजारभावाप्रमाणे" असा शब्द असेल, तर वाढीला मर्यादाच नाही असं समजा. पाणी, सांडपाणी, कचरा आणि पार्कचा मालमत्ता कर तुमच्यावर वेगळा टाकता येतो का, तेही पाहा. मग पार्कमधल्या तीन-चार जुन्या रहिवाशांना गाठा आणि गेल्या पाच वर्षांचं भाडं विचारा. ऑफिसने दिलेला तक्ता पुरत नाही.

लीजची मुदतही बघा. जमीन भाड्याची असताना एफएचए, म्हणजे घरकर्जांची हमी घेणारी सरकारी संस्था, हिच्या टायटल वन योजनेतून कर्ज हवं असेल, तर लीज सुरुवातीला किमान ३ वर्षांची असावी लागते आणि ती संपवण्याआधी १८० दिवसांची नोटीस देण्याची अट असते. कर्जाची हमी घेणारं सरकार एवढं मागतं, तर स्वतःची बचत ओतणाऱ्याने महिना-महिन्याच्या लीजवर घर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

५. राज्याचा कायदा बघा. न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून वार्षिक वाढ साधारण ३ टक्क्यांवर रोखलेली आहे. खर्चाचं कारण दाखवलं तर ६ पर्यंत जाते. वॉशिंग्टन राज्याने २०२५ मध्ये ५ टक्क्यांची मर्यादा घातली. टेक्सासमध्ये अशी मर्यादा नाही. तुमच्या राज्याचा टक्का वरच्या गणितात घाला आणि मर्यादा नसेल तर ८ टक्के धरून बघा. रहिवाशांनीच सहकारी तत्त्वावर विकत घेतलेले पार्कही आहेत. तसा जवळपास मिळाला, तर घरासाठी थोडे जास्त पैसे मोजायला मी तयार असेन.

६. बाहेर पडण्याचा खर्च. "नाहीच जमलं तर घर उचलून दुसरीकडे नेऊ," हे विसरा. सुटं करणं, वाहतूक, परवाने, पुन्हा बसवणं यांत हजारो डॉलर जातात, आणि बरेच पार्क जुनं घर आत घेतच नाहीत. भाडं थकलं तर मालक जागेवरून काढू शकतो, आणि घर हलवता आलं नाही की तेही हातचं जातं.

हे सगळं करूनही घर घ्यावंसं वाटलं, तर शेवटची चाचणी एकच. दहा वर्षांनी घराचा एक डॉलरही परत मिळणार नाही असं समजा. सुरुवातीला खिशातून घातलेले पैसे, दहा वर्षांचे हप्ते, तेव्हा बाकी असलेलं कर्ज, लॉट रेंट, विमा, कर आणि दुरुस्ती यांची बेरीज करून १२० महिन्यांनी भागा. तो आकडा त्याच भागातल्या अपार्टमेंटच्या भाड्यापेक्षा कमी आला, तरच मी "घ्या" म्हणतो.