पीएचडीला ॲडमिशन मिळाली, आता आधी तारखा बघा

माझी भाची परवा पेढे घेऊन आली, पीएचडीला ॲडमिशन मिळाली म्हणून, आणि म्हणे मावशी गाइड खूप छान मिळालेत गं. मी म्हटलं छानच असतील, पण ते रिटायर कधी होतायत ते विचारलंस का? तिला वाटलं मी चेष्टा करतेय. अजिबात नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२ चे नियम सांगतात की ज्यांच्या रिटायरमेंटला ३ वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांनी नवीन विद्यार्थी घ्यायचा नाही, आणि आधी घेतलेल्यांना रिटायर झाल्यावर फक्त को-गाइड म्हणून सांभाळता येतं, तेही वयाच्या सत्तरीपर्यंत. शिवाय प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ एवढेच पीएचडीवाले चालतात. तेव्हा जागा खरंच रिकामी आहे का हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या, लाजू नका, नंतर गाइड बदलायला जे फेरे पडतात ते विचारू नका.

मग आपली रजिस्ट्रेशनची तारीख बघायची. हे नियम ७ नोव्हेंबर २०२२ ला आले, त्याच्या आधी रजिस्टर झालेल्यांना जुने नियम लागू. दादा सांगतो, सीनियर सांगतो, ते त्यांच्या काळचं खरंच असतं पण तुमच्या काळचं असेलच असं नाही. उदाहरणार्थ जुन्या नियमात थीसिस द्यायच्या आधी एक रिसर्च पेपर छापून यावा लागायचा, यूजीसीने २०२२ मध्ये ती अट काढली, पण युनिव्हर्सिटी स्वतःची अट ठेवू शकते म्हणून तिथलं ऑर्डिनन्स, म्हणजे युनिव्हर्सिटीची नियमावली, काढून वाचा. इंग्रजीत असतं, कंटाळवाणं असतं, तरी वाचा. आणि पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापून देणाऱ्यांच्या नादी बिलकुल लागू नका.

आता घड्याळ. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, आणि ही ६ मोजायची ॲडमिशनच्या तारखेपासून, यात कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे वर्ग आणि परीक्षा, पण आलं. मी काय केलं होतं, विषय मंजूर झाल्याचं पत्र आलं त्या दिवसापासून मोजत बसले, निवांत, आणि एक दिवस फी भरायला गेले तर खिडकीवरच्या काकांनी विचारलं ताई तुमची मुदत संपत आली ना, पायाखालची जमीनच सरकली. चूक सगळी माझी. रात्रभर बसून अर्ज लिहिला, बायकांना २ वर्षांची जी सवलत आहे ती मागितली आणि मिळाली. आत्ताच्या नियमात ६ नंतर री-रजिस्ट्रेशन करून अजून २ मिळू शकतात म्हणजे ८, आणि बायकांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर अजून २, एकूण १० च्या पुढे नाही. पण हे "मिळू शकतात" आहे, आपोआप मिळत नाही, अर्ज मुदत संपायच्या आधी गेला पाहिजे.

आणि अर्ज म्हणजे तोंडी सांगणं नव्हे. दोन प्रती काढा, एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर, म्हणजे अर्ज मिळाल्याचा ऑफिसातला नंबर, घ्यायचा. आपल्या बडोद्यात राहून हे कोणी शिकवायची गरज नाही खरं तर. बाबासाहेबांना १९१३ मध्ये सयाजीरावांची स्कॉलरशिप मिळाली ती परत आल्यावर १० वर्षं संस्थानात नोकरी करायचा करार लिहून देऊनच, आणि १९१७ ला स्कॉलरशिप संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा सोडून यावं लागलं तेव्हाही ४ वर्षांच्या आत परत येऊन पुरा करायची परवानगी ते घेऊन आले होते. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही ती गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण त्या परवानगीमुळे १९२० ला परत जाता आलं आणि लंडनची डीएससी, म्हणजे डॉक्टर ऑफ सायन्स, १९२३ ला झाली.

कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिटचं असतं, ५५ टक्के हवेतच, नाहीतर पुढे जाता येत नाही. ते होईलच, त्याचं फार टेन्शन नको. जास्त लक्ष द्या ते रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीकडे, म्हणजे आपल्या कामावर नजर ठेवणाऱ्या समितीकडे, दर सेमिस्टरला त्यांच्यासमोर काम दाखवायचं असतं आणि आपली मंडळी ती चहा-बिस्किटाची मीटिंग समजतात. तिथे जे सांगितलं ते त्याच संध्याकाळी मेल करून गाइडला पाठवा, "आज असं ठरलं" एवढंच. दोन वर्षांनी कोणी विचारलं विषय का बदलला तर तोच मेल कामाला येतो.

मुलींसाठी दोन गोष्टी, कारण या कोणी सांगत नाही. मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह पूर्ण पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत मिळते. आणि लग्न होऊन पुण्याला नाहीतर इंदूरला गेलात तर पीएचडी सोडायची गरज नाही, तुमचा रिसर्च डेटा नव्या युनिव्हर्सिटीत नेता येतो, फक्त तो कोणा एजन्सीच्या पैशावरच्या प्रोजेक्टचा नको आणि जुन्या गाइडला, जुन्या संस्थेला श्रेय द्यायचं. लग्नाची खरेदी मंगळ बाजारातून सुरू व्हायच्या आधी हा अर्ज टाका.

नोकरी करताय? पार्ट टाइम चालते, ऑफिसची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागते आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं की अभ्यासाला वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी सोडतील. नुसतं "आमची हरकत नाही" पुरत नाही. ऑनलाइन किंवा डिस्टन्स पीएचडी मात्र नाहीच, कोणी विकत असेल तर पळा.

कॉपीचा नियम २०१८ चा आहे. दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणी १० टक्क्यांपर्यंत असेल तर ठीक, १० ते ४० आली तर ६ महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष थीसिस देता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार, नाव देऊन घेतलेले उतारे हे मोजत नाहीत. एकेक चॅप्टर झाला की लगेच तपासून घ्या, शेवटी सगळं एकदम टाकलं की रडायची वेळ येते. आणि आपल्याकडची एक खास सवय, मराठी पुस्तकातलं उचलायचं आणि इंग्रजी करून घालायचं, कॉपी पकडणाऱ्या मशीनला कळत नाही म्हणून. मशीनला नाही कळत, वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर बसलेल्या बाईंना कळतं, त्यांनी पण तेच पुस्तक वाचलेलं असतं.

थीसिस दिल्यावर बाहेरचे निदान दोन परीक्षक तपासतात आणि वायवा धरून हे सगळं ६ महिन्यांत व्हायला हवं. डिग्री हातात यायला वेळ लागतो, म्हणून प्रोव्हिजनल सर्टिफिकेट घ्या, आणि त्यावर यूजीसीच्या कुठल्या नियमांप्रमाणे पीएचडी झाली ते लिहिलंय ना बघा, खिडकीवर उभं असतानाच बघा, घरी येऊन नाही.