टेटर टॉट्सचा टेक्स-मेक्स खिमा कॅसरोल

हा पाहुण्यांसमोर मिरवायचा पदार्थ नाही. संध्याकाळी लॅपटॉप मिटला, पोरं सॉकरच्या सरावाहून भुकेने वसवसत यायची आहेत, आणि मधल्या दीड तासात सगळ्यांचं पोट भरेल असं काहीतरी हवंय, त्या दिवसासाठीचा आहे. कॅसरोल म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला थरांचा पदार्थ, आणि टेक्स-मेक्स म्हणजे टेक्सास-मेक्सिकोची मिसळलेली चव. खाली मसालेदार खिमा, मध्ये चीज, वर खरपूस टेटर टॉट्स. इथे टेक्सासातल्या सॅन अँटोनियोत माझ्या शेजारणी याला काउबॉय कॅसरोल म्हणतात, आणि प्रत्येकीची कृती वेगळी.

टेटर टॉट्स म्हणजे किसलेल्या बटाट्याचे, बोटाच्या पेराएवढे तळलेले फ्रोझन तुकडे. १९५३ साली ओरे-आयडा कंपनीच्या ग्रिग बंधूंनी फ्रेंच फ्राइज कापून उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं म्हणून हे काढले. आमच्या पोरांना शाळेच्या कॅफेटेरियात त्यांची चटक लागली आणि तिथून ते आमच्या फ्रीजरमध्ये आले.

नऊ बाय तेरा इंचाच्या भांड्यासाठी दीड पौंड, म्हणजे साधारण ७०० ग्रॅम खिमा लागतो. इथले लोक बीफ घेतात. आमच्याकडे बीफ नसतं, म्हणून मी ग्राउंड टर्की, म्हणजे टर्की पक्ष्याचा खिमा घेते, तीही गडद मांसाची. छातीच्या पांढऱ्या मांसाचा खिमा भुशासारखा लागतो. हलाल दुकानातला बोकडाचा खिमा सगळ्यात चविष्ट, पण तो आधी कपभर पाणी घालून अर्धा तास झाकून शिजवावा लागतो, त्यामुळे तो शनिवारीच.

मसाल्याबद्दल सावध राहा. कृतीत दोन मोठे चमचे चिली पावडर लिहिलेली असते, ती आपलं लाल तिखट नव्हे. इथल्या चिली पावडरमध्ये सौम्य मिरचीबरोबर जिरं, ओरेगॅनो आणि लसूण आधीच मिसळलेले असतात. असं मिश्रण विकायला आमच्या जवळच्याच न्यू ब्राउनफेल्समध्ये विल्यम गेभार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९०च्या दशकात सुरुवात केली. दोन चमचे संकेश्वरी तिखट घातलंत तर रात्रभर दूध पीत बसाल. तुमच्याकडे ही पावडर नसेल तर दीड मोठा चमचा ब्याडगीचं तिखट, दोन छोटे चमचे जिरेपूड, एक चमचा ओरेगॅनो आणि अर्धा चमचा लसणाची पावडर एकत्र करा.

आता खरं काम. या कॅसरोलचं वाट्टोळं होतं ते पाण्यामुळे. खिम्यात पाणी राहिलं की ओव्हनमध्ये त्याची वाफ वर येते आणि टॉट्स खालून लगदा होतात. म्हणून जाड बुडाची मोठी कढई चांगली तापवा, चमचाभर तेलात खिमा पसरा आणि चार मिनिटं त्याला हात लावू नका. टर्की भरपूर पाणी सोडते. आधी रटरट आवाज येतो, पाणी आटलं की तो बदलून चरचर होतो आणि कढईच्या तळाला तपकिरी खरपुडी धरते. ही चरचर ऐकू येईपर्यंत पुढे जायचं नाही. मग एक मोठा कांदा, एक भोपळी मिरची, चार लसूण पाकळ्या, सगळं बारीक चिरून. कांदा मऊ झाला की चिली पावडर आणि वर आणखी एक चमचा जिरेपूड, मिनिटभर परता.

यानंतर रोटेलचा एक डबा. टोमॅटो आणि हिरव्या मिरच्यांचा हा डबा टेक्सासच्याच एल्सा गावात १९४०च्या दशकात जन्मला, आणि इथल्या निम्म्या पदार्थांत तो असतोच. डब्यातलं पाणी आधी गाळून बाजूला काढा. दोन चमचे टोमॅटो पेस्ट, धुऊन निथळलेले काळे बीन्स, कपभर मक्याचे दाणे. टेक्सासात चिलीत, म्हणजे मांस-मिरचीच्या दाट रश्शात, बीन्स घातलेल्या पाहिल्या तर लोक भांडायला उठतात, पण हा कॅसरोल, इथे सगळं चालतं. मीठ अगदी बेताने घाला. टॉट्स, चीज, डबे, सगळेच आधीच खारट असतात. पळी ओढल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे आणि रस लगेच परत भरता कामा नये.

सांगलीहून आलेल्या सासूबाई या टप्प्याला हमखास कढईत डोकावतात. "अगं, चिमूटभर गोडा मसाला टाकू का? वास कसा अर्धवट वाटतोय."

"आई, आज नको. मग तो आपला खिमाच होईल."

माझं याबाबत ठाम मत आहे. आलं, गरम मसाला, हळद यातलं काहीही घातलं की पदार्थ चांगला लागतो, पण टेक्स-मेक्स राहत नाही. त्याची ओळख जिरं आणि मिरची एवढीच. हिरवी कोथिंबीर मात्र वरून हवी तेवढी.

खिमा भांड्यात सपाट पसरा आणि वर कपभर चेडर किसून घाला. चीज विटेचं घ्या. तयार किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेलं असतं, ते तितकं छान वितळत नाही. हा थर खालचा ओलावाही बराच अडवतो. त्यावर टॉट्स, थेट फ्रीजरमधून, गोठलेलेच, एकाच थरात. हे काम आईंचं. शंकरपाळ्या कागदावर पसराव्यात तशा त्या एकेक टॉट सरळ ओळीत लावतात. मी नुसते ओतते, तरी चालतं, फक्त ढीग नको.

ओव्हन आधीच ४२५ फॅरनहाइट, म्हणजे २२० सेल्सियसला तापवून भांडं वरच्या रॅकवर ठेवा. फॉइल झाकू नका. ३५ ते ४० मिनिटांत टॉट्स गडद सोनेरी होतात. शेवटच्या पाच मिनिटांत वर आणखी मूठभर चीज. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं कोणालाही हात लावू देऊ नका, नाहीतर खिमा ताटभर पसरतो. वर कांद्याची पात, हालापेन्यो या हिरव्या मिरचीच्या लोणच्याच्या चकत्या आणि सावर क्रीम, म्हणजे आंबट साय. बाजूला लिंबू पिळलेला कोबी.

खिमा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येतो. मग ओव्हनमध्ये दहा मिनिटं जास्त लागतात, आणि मधोमध वाफाळतंय ना ते बघायचं. टॉट्स मात्र आयत्या वेळीच लावा. उरलेला कॅसरोल मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, एअर फ्रायरमध्ये पाच-सात मिनिटं गरम करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी टॉट्स काढून टाका आणि खिमा टॉर्टियात गुंडाळून डब्याला द्या.